मार्वाबाईंचे दोन निरोप

जपानातल्या कुरेसे बेटावरच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या मिनोबे सरांना इंग्रजी बोलायची भयंकर धास्ती होती, ही गोष्ट बेटावर सगळ्यांना माहीत होती. ती सगळ्यांना माहीत आहे, हे फक्त सरांना माहीत नव्हतं.

तसं त्यांचं इंग्रजी कच्चं म्हणता येणार नाही. व्याकरणात त्यांचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात सापडला नसता. लिहायला बसवा, पानंच्या पानं लिहून देतील आणि एक स्वल्पविराम इकडचा तिकडे होणार नाही. पण समोर इंग्रजी बोलणारा जिवंत माणूस उभा राहिला की सरांची दातखीळ बसायची, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि मान आपोआप नंदीबैलासारखी डोलायला लागायची. पंचेचाळिशी उलटली, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी ही खोड काही जाईना.

आणि असा एक जिवंत माणूस गेली पाच वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होता. मार्वाबाई मूळच्या जमैकाच्या. बेटांवरच्या, डोंगरातल्या शाळांमध्ये परदेशी सहायक शिक्षक पाठवायची सरकारी योजना आहे, तिच्यातून त्या कुरेसेला आल्या. आल्या तेव्हा त्यांना जपानीचा गंधही नव्हता. शेजारचे सर इंग्रजीचे आहेत म्हटल्यावर त्या बिचाऱ्या निर्धास्त होत्या. सरांनी पहिला महिना खाणाखुणांवर काढला. फळ्यावर चित्रं काढली, बोटं मोडून दाखवली, एकदा तर उद्या सुट्टी आहे हे कळवायला भर शिक्षक-खोलीत दोन खुर्च्या जोडून झोपून दाखवलं. शेवटी ह्या माणसाच्या नादी लागण्यापेक्षा आपणच जपानी शिकलेलं बरं, असा विचार करून बाई जपानी शिकल्या. शिकल्या कुणाकडून, तर धक्क्यावर माकुलं चिरून वाळत घालणाऱ्या बायकांकडून. त्यामुळे बाई बोलायला लागल्या की शिक्षण मंडळातले साहेब दचकायचे. उंचीने मुख्याध्यापकांपेक्षा वीतभर जास्त, गळ्यात मण्यांची माळ, आणि तोंडात ऐंशी वर्षांच्या कोळिणीची भाषा.

सरांच्या जिवाला मात्र एक वेगळीच बोच लागून राहिली होती. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मंडळाचे साहेब बोट करून नमुना पाठ बघायला आले होते. वर्गाच्या मागच्या भिंतीशी ओळीने उभे, पायांत पाहुण्यांच्या हिरव्या सपाता, हातात लिहायच्या पाट्या. सरांनी पहिलं वाक्य झोकात म्हटलं. दुसरं वाक्य आलंच नाही. डोकं पाटीसारखं कोरं. नऊ मुलं बघतायत, साहेब बघतायत, स्टोव्हवरची किटली तेवढी बोलतेय. तेवढ्यात मार्वाबाईंच्या हातातला लोहचुंबकांचा डबा खाली आपटला. फळ्यावर चित्रं लावायची ती रंगीत चुंबकं चौफेर उधळली, कपाटाखाली गेली, साहेबांच्या सपातांखाली गेली. मुलं रांगायला लागली, एक साहेबही रांगायला लागले. त्या धांदलीत सरांनी खिशातला कागद हळूच बघून घेतला, आणि पुढचा पाठ असा रंगला की साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पंधरवड्याने शेरा आला: मिनोबे यांचा पाठ उत्तम. सहायक शिक्षिकेने साहित्य हाताळताना अधिक काळजी घ्यावी.

बाईंनी तो शेरा वाचला, खांदे उडवले आणि हसून सोडून दिला. सर हसले नाहीत. बाईंनी डबा मुद्दाम पाडला, आपली लाज राखली आणि बोल स्वतःवर घेतला, हे त्यांना त्याच क्षणी उमगलं होतं. आभार मानायला हवे होते. पण आभार मानायचे म्हणजे भर वर्गात आपली बोबडी वळली होती हे कबूल करायचं. मग सर दुसरंच काहीबाही करत राहिले. घरचे मुळे नेऊन दिले, बाईंच्या सायकलचं पंक्चर काढून दिलं, शरदात पर्सिमनची करंडी पोचवली. बाई दर वेळी विचारायच्या, “आवं सर, आज काय सण हाय का काय?” आणि सर म्हणायचे, “छे छे, झाडाला फार लागलीयत.”

त्या योजनेत पाच वर्षांच्या वर कुणाला ठेवत नाहीत. यंदाचं सत्र जुलैत संपलं की बाई जाणार, हे ठरलेलं होतं. एप्रिलच्या शेवटी एका तासाला सर मुलांना नेहमीचं ऐकवत होते, की चुकलं तरी चालेल पण बोला, तोंड उघडल्याशिवाय भाषा येत नाही. तिसऱ्या वर्षाच्या नानाओने हात वर केला. ही मुलगी गरीब चेहऱ्याने प्रश्न विचारायची आणि समोरच्याला उघड्यावर आणून सोडायची.

“सर, तुम्ही मार्वाबाईंशी इंग्रजीत बोलता का हो कधी?”

“बोलतो की.”

“कधी?”

“तुम्ही नसता तेव्हा.”

“आम्ही नसतो तेव्हा बाई धक्क्यावर असतात,” नानाओ म्हणाली. “माझ्या आजीच्या शेजारी.”

वर्गात कुणी हसलं नाही. नऊच्या नऊ मुलं खाली मान घालून बाकाकडे बघत राहिली. मुलांनी आपल्याला सांभाळून घ्यावं, ह्यासारखा अपमान दुसरा नाही. सरांचे कान तापले आणि तापल्या कानांनी ते बोलून गेले, “निरोपाच्या दिवशी मी बाईंसाठी इंग्रजीतून बोलणार आहे. सगळ्यांसमोर, धक्क्यावर. हातात कागदसुद्धा घेणार नाही.”

झालं. शब्द गेला तो गेला.

त्यानंतर सरांनी भाषण लिहायला घेतलं. ह्या भाषणात त्या फेब्रुवारीचे आभारही मानून टाकायचे, नाव न घेता, मोघम, पण मानायचे, असं त्यांनी ठरवलं. भाषण लिहून झालं, तपासून झालं, आणि मग पाठांतर सुरू झालं. शाळा सुटली की सर लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या टोकाला जाऊन उभे राहायचे आणि घारींना भाषण ऐकवायचे. घरी न्हाणीघरात टबात बसून म्हणायचे. भाताचं वाफाळतं भांडं हातात घेऊन पुटपुटायचे. त्यांची बायको सातोए बाजूला भाजी चिरत ऐकायची. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण रोज ऐकून ऐकून कुठे आवाज चढतो, कुठे उतरतो, हे तिला पाठ झालं होतं. एखाद्या दिवशी सर अडखळले की तीच पुढचा शब्द सांगायची.

“तुला अर्थ तरी कळतो का?” सर वैतागून विचारायचे.

“अर्थाचं तुम्ही बघा,” ती म्हणायची. “चाल माझ्याकडे आहे.”

जाण्याचा दिवस उजाडला. सकाळी गावातल्या कर्ण्यांवरून नेहमीची सूचना झाली, की आजची बोट सुटेल, मात्र समुद्र बघून वाटेतून परत फिरण्याचा संभव आहे. लांब कुठेतरी दक्षिणेला वादळ होतं. ही सूचना उन्हाळ्यात दिवसाआड होते, त्यामुळे तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

अख्खं बेट धक्क्यावर जमलं होतं. कुरेसेच्या लोकांना निरोपाची सवय आहे. दर दोन-तीन वर्षांनी मास्तर बदलतात, डॉक्टर बदलतो, पोस्टातला माणूस बदलतो, आणि पंधराव्या वर्षी पोरं पुढच्या शाळेसाठी मुख्य भूमीला जातात. त्यामुळे सगळी तयारी कशी झटपट होते. मांडव लागला, मुलांचं नऊ जणांचं बँडपथक लागलं, रंगीत कागदी फितींच्या गुंडाळ्यांची खोकी आली. बोटीवरच्या माणसाने फितींचं एक टोक धरायचं, धक्क्यावरच्यांनी दुसरं धरायचं, आणि बोट हलली की फिती उलगडत जाऊन तुटेपर्यंत धरून ठेवायच्या, अशी इथली रीत.

मुख्याध्यापक कुगा बोलले. मच्छीमार संघाचे तामेगोरोकाका त्यांच्याहून जास्त बोलले. काकांचं भाषण मार्वाबाईंपासून सुरू होऊन माकुलांच्या पडलेल्या भावावर गेलं आणि तिथून परत यायला तयार होईना. शेवटी बोटीने भोंगा दिला तेव्हा ते खाली बसले. आता मिनोबे सरांची पाळी.

सर उठले. ध्वनिक्षेपक हातात घेतला. समोर मार्वाबाई उभ्या होत्या, गळ्यात फुलांचे चार हार, डोळे आधीच भिजलेले. बाजूला नऊ मुलं वाद्यं खाली ठेवून उभी होती. सातोए पहिल्या रांगेत ओठ हलवून पहिला शब्द पुरवत होती. सरांनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडून स्वच्छ, शुद्ध, सभ्य जपानी बाहेर पडलं.

“पाच वर्षं आपण फार कष्ट घेतलेत. प्रकृतीची काळजी घ्या.”

आणि कमरेत वाकून ते खाली बसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मार्वाबाईंनीही वाजवल्या. मुलांनी वाद्यं उचलली आणि वाजवायला सुरुवात केली. नानाओने रागाने बघितलं नाही. तिने फक्त बासरी ओठाला लावताना सरांवरून नजर काढून घेतली. ते सरांना तोंडात मारल्यासारखं लागलं.

बोट हलली. फिती उलगडल्या, लाल, पिवळ्या, हिरव्या. “जाऊन या,” “जाऊन या, बाई,” असा गलका झाला. म्हाताऱ्या बायका पदराने पुसावेत तसे गळ्यातल्या पंच्यांनी डोळे पुसत होत्या. बाई कठड्यावर ओणव्या होऊन “येतेय म्या, येतेय,” असं ओरडत होत्या. एकेक फीत तुटली. सरांच्या हातातलीही तुटली. बोट टेकडीमागे वळून दिसेनाशी झाली आणि सरांना सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं ह्याची लाजही वाटली. आता आयुष्यभर ही लाज सांभाळायची, असं मनाशी म्हणत त्यांनी मांडवाच्या खुर्च्या उचलायला घेतल्या.

खुर्च्या अर्ध्या उचलून झाल्या असतील नसतील, तोच पाण्यात वाकून फिती गोळा करणारी नानाओ सरळ उभी राहिली.

“सर,” ती म्हणाली, “बोट परत येतीय.”

खरंच येत होती. पलीकडच्या बंदरात लाटा चढल्या म्हणून कप्तानाने अर्ध्या वाटेतून तोंड फिरवलं होतं. धक्क्यावरचे लोक जिथल्या तिथे थिजले. माणूस निरोप घेऊन गेला की गेला. रडून झाल्यावर तो तासाभरात परत आला तर त्याच्याशी काय बोलायचं, ह्याची रीत कुणी घालून दिलेली नव्हती. काही बायका तर लाजून मांडवामागे गेल्या. मार्वाबाई शिडीवरून खाली उतरल्या, गळ्यातले चारही हार तसेच, आणि लोकांकडे बघत ओशाळं हसल्या.

तामेगोरोकाका पुढे झाले. “काय वो बाई,” ते म्हणाले, “जमैका लईच जवळ निघालं म्हनायचं.”

सगळा धक्का हसला आणि कोंडी फुटली. पण अडचण होतीच. बाईंचं घर रिकामं झालं होतं, गॅस बंद झाला होता, अंथरुणं परत गेली होती. घरी फोन करायला त्या शाळेत गेल्या तर चपलांच्या कपाटावरची त्यांच्या नावाची पट्टी निघालेली. मुख्याध्यापक कुगा घाम पुसत म्हणाले, की कागदोपत्री आपण दुपारी बारापासून आमच्या नाही आहात, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पाहुण्यांच्या हिरव्या सपाता काढून बाईंसमोर ठेवल्या. बाईंची टाच त्यात मावेना. पाच वर्षं आपल्याच असलेल्या शाळेत बाई परक्याच्या सपाता घालून फटक फटक करत फोनपर्यंत गेल्या.

रात्रीच्या मुक्कामाचा वाद सातोएने मिटवला. “आमच्याकडे येतील,” ती म्हणाली.

पाहुण्याने सगळ्यांच्या आधी आंघोळ करायची, तशी बाईंची झाली. बाई सातोएचा उन्हाळी किमोनो नेसून जेवायला बसल्या. तो त्यांना पोटरीपर्यंतच येत होता. उडत्या माशांची भाजलेली तुकडी, गार शेवया, काकडीची कोशिंबीर, बीअर. सरांच्या मनात एकच विचार घोळत होता. सातोए कलिंगड आणायला आत गेली की जपानीतून का होईना, दोन वाक्यांत बोलून टाकावं. मुलांना दिलेला शब्द तर बुडाला, आभार तरी बुडू नयेत. सातोए आत गेली. सरांनी घसा साफ केला.

“बाई, ते... दोन वर्षांपूर्वी...”

“काय वो?”

“कलिंगड तेव्हासुद्धा गोड निघालं होतं.”

“निघालं आसंल की,” बाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे निरखून बघत राहिल्या.

सातोए कलिंगड घेऊन आली. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय झालं नाही ते तिला समजलं. बीअरचे दोन पेले तिच्याही पोटात गेलेले होते.

“बाई, ह्यांनी तुमच्यासाठी एक भाषण केलं होतं,” ती म्हणाली. “तीन महिने घारींना ऐकवलं. घारी सोडून कुणी ऐकलं नाही. आता मीच म्हणते.”

“सातोए,” सर म्हणाले.

पण ती गुडघ्यांवर ताठ बसली, हात मांडीवर ठेवले आणि सुरू झाली. अर्थाचा पत्ता नाही, पण चाल बिनचूक. जिथे सर थांबायचे तिथे थांबली, जिथे गहिवरायचे तिथे गहिवरली, एका ठिकाणी सर नेहमी खोकायचे तिथे खोकलीसुद्धा. ह्या मंगल परंतु हृदयद्रावक प्रसंगी. विद्येच्या नौकेच्या आपण कुशल नाविक. आपल्या वियोगाने शोकाकुल झालेली ही भूमी. सर मान खाली घालून कलिंगडातल्या बिया मोजत होते. त्यांना वाटलं, चटईने दुभंगून आपल्याला पोटात घ्यावं.

भाषण संपलं. मार्वाबाईंनी हातातली फोड खाली ठेवली.

“लई झ्याक हाय,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडंबी आसंच बोलत्यात बघा. पन मानूस पेटीत घातल्यावर.”

सातोएला हसू फुटलं. बाईंना फुटलं. सरांनी वर बघितलं, बाईंचा चेहरा बघितला, आणि त्यांनाही आवरेना. स्वतःच्या इंग्रजीला आपण हसतोय, हे त्यांच्या बऱ्याच उशिरा ध्यानात आलं. अंथरुणावर पडल्यावर मात्र त्यांना दुसरी गोष्ट कळली. भाषण तर हसण्यावारी गेलं, आणि त्यातले मोघम आभारही त्याच्याबरोबर गेले. आता उद्यासाठी आपल्याजवळ एकही वाक्य उरलेलं नाही.

सकाळी समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत होता. बोट नक्की जाणार, अशी सूचना झाली. धक्क्यावर पुन्हा सगळे आले, पण घालायचे चांगले कपडे काल घालून झाले होते, म्हणून कुणी रबरी बुटांत, कुणी एप्रनमध्ये. मांडव नव्हता. ध्वनिक्षेपक शाळेत कुलूपबंद होता. फितींची खोकी काल रिकामी झाली होती. मग ज्याला जे सापडलं ते तो घेऊन आला: क्रीडादिनाच्या रिबिनी, शाळेच्या नर्सबाईंकडची बँडेजं, आणि बहुतेकांच्या हातात घरच्या संडासातले कागदाचे गुंडाळे.

मुख्याध्यापक कुगा पुढे आले. “कालचं भाषण आज पुन्हा झालं असं समजावं,” ते म्हणाले. एवढ्या टाळ्या त्यांना उभ्या नोकरीत मिळाल्या नव्हत्या. तामेगोरोकाका बोलायला उठले, तर त्यांच्या बायकोने शर्ट धरून त्यांना खाली बसवलं. सरांना कुणी बोलायला सांगितलंच नाही. सांगू नये असंच बहुधा सगळ्यांनी ठरवलं होतं.

बाई बोटीवर चढल्या. खालून गुंडाळे फेकले गेले. पांढरे कागद वाऱ्यावर उडाले, बाईंच्या केसांत अडकले, कठड्याला गुंडाळले. सरांच्या हातात बँडेजचं एक टोक होतं, दुसरं बाईंच्या मनगटाला. दोर सुटले, इंजिन घरघरलं, धक्का आणि बोट ह्यांच्यामध्ये हातभर पाणी दिसायला लागलं. लोक “जाऊन या” म्हणायला लागले. पाणी हातभराचं दोन हात झालं.

सरांच्या पोटातून काहीतरी वर आलं. ते वाक्य नव्हतं, कारण वाक्याला कर्ता लागतो, क्रियापद लागतं. आणि ते इंग्रजीत होतं.

“बाई! चुंबक! तुम्ही पाडलं. मी माहीत आहे. माझ्यासाठी पाडलं. मी गेलो होतो, डोकं गेलं होतं. मी आभार आहे! दोन वर्ष उशीर आहे!”

तामेगोरोकाकांच्या हातातला गुंडाळा खाली पडून घरंगळत पाण्यात गेला. सरांचे कान लालभडक झाले होते, आणि त्यांच्या व्याकरणाचा त्या एका दमात पुरता मुडदा पडला होता. पण बोलून झालं होतं.

बोटीवर बाईंनी कानामागे हात धरला. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू गेलं नव्हतं.

सरांचा धीर खचला. एवढं सगळं पुन्हा म्हणायचं म्हणजे कठीण होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. इतक्यात शेजारून नानाओ जिवाच्या आकांताने ओरडली, “चुंबक! तुम्ही पाडलं!” लगेच तिच्या मागची आठ मुलं, “मी माहीत आहे! माझ्यासाठी पाडलं!” सरांनी शिकवलेलं मुलांनी पाच वर्षांत कधी इतकं तंतोतंत म्हटलं नव्हतं, एकेक चूक जशीच्या तशी. सातोएने चाल केव्हाच उचलली होती. “दोन वर्ष उशीर आहे!” हे सगळ्या धक्क्याने म्हटलं, नानाओच्या आजीने, एप्रनवाल्या बायकांनी, कुगांनीसुद्धा, अर्थ न समजता आणि पूर्ण ताकदीनिशी.

आता बाईंना ऐकू गेलं. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले. मनगटाचं बँडेज ताणलं. त्या ओरडल्या ते धक्क्यावरच्या जपानीत नव्हे. त्यांच्या स्वतःच्या इंग्रजीत, भराभर, जशा त्या आपल्या माणसांशी बोलत असतील तशा.

“अहो नाही सर, मुद्दाम नव्हतं! खरंच हातातून पडला! माझे हात थरथरत होते. साहेबांना बघून मीच गर्भगळीत झाले होते. तुम्ही गप्प झालात तेव्हा मला केवढा धीर आला. म्हटलं, चला, घाबरणारी मी एकटी नाही!”

सर तसेच उभे राहिले. शब्द न् शब्द त्यांना कळला होता. मनात त्याचं जपानी करावं लागलं नव्हतं.

“काय म्हणाल्या, सर?” नानाओने त्यांची बाही ओढली. “काय म्हणाल्या?”

“बाई म्हणाल्या,” सर म्हणाले, आणि त्यांना मध्येच थांबून नाक पुसावं लागलं, “डबा हातातून सटकला. त्यासुद्धा घाबरल्या होत्या.”

“मार्वाबाई?”

“हो. माझ्याइतक्याच.”

नानाओने तोंडावर हात ठेवला. दोन वर्षांतले मुळे, पंक्चर, पर्सिमनची करंडी, सगळं सरांच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि त्यांना हसू यायला लागलं. इतकं हलकं त्यांना फार वर्षांत वाटलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर पाच वर्षं एक घाबरलेला माणूस बसला होता आणि आपण त्याला कधी काही विचारलं नाही, ह्याचं वाईटही वाटलं, अगदी त्याच हसण्यात. बोट वळायला लागली होती. ते धक्क्याच्या कडेकडेने तिच्यासोबत पळायला लागले.

“मग आभार परत द्या!” ते इंग्रजीत ओरडले.

“देणार नाही!” बाई ओरडल्या.

बँडेज तुटलं. सर थांबले नाहीत. बंधाऱ्याच्या टोकापर्यंत ते पळत गेले आणि तिथून सुचेल ते ओरडत राहिले. जमैकात माकुलं मिळतात का. बोट लागली तर आलं चघळा. सायकल मी वापरू का. बाईही काही ना काही ओरडत होत्या, निम्मं वाऱ्यावर जात होतं. मग बोट टेकडीमागे गेली.

सातोए मागून चालत येऊन शेजारी उभी राहिली. सरांचा आवाज बसला होता, तरी ते ओरडतच होते.

“अहो, आता नाही ऐकू जायचं त्यांना,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” सर म्हणाले आणि त्यांनी आणखी एक वाक्य ओरडून टाकलं.